खापर थंडीवर

डिसेंबर संपत आला की नाशिक जिल्ह्यातलं निफाड रोज बातम्यांत झळकतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, तो आकडा उजाडायच्या आत फोनाफोनी फिरतो. पाच अंशांच्या खाली गेला की द्राक्षबागायतदारांच्या पोटात गोळा येतो आणि बागांमधून शेकोट्या पेटतात. त्याच वेळी गावोगावी दुसरीही एक धडपड चालू असते. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवलेली मोटरसायकल अंगणात उभी, मालकाच्या कानाला मफलर, आणि किकवर किक. सातव्या-आठव्या किकला धाप लागते. शेजारचे काका ओट्यावरून दात घासता घासता विचारतात, “चोक दिलास का?” चोक तर मघाशीच दिलेला असतो. मग सर्वानुमते निदान होतं: गाडी थंडीनं गारठलीय.

हे निदान सोपं आहे, पण बहुतेक वेळा अर्धवट आहे. कारण पाच अंश ही पेट्रोल इंजिनाच्या दृष्टीनं फार मोठी थंडी नव्हेच. जर्मनीत १९५६ सालापासून ऐन हिवाळ्यात मोटरसायकलवाल्यांचा एक मेळा भरतो. त्याचं नाव ‘एलेफान्टेनट्रेफेन’, म्हणजे हत्तींचं संमेलन. ‘हिरवा हत्ती’ या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या झुंडाप केएस ६०१ या साइडकारवाल्या गाडीवरून ते पडलं. एर्न्स्ट लेव्हरकुस या मोटरसायकल-पत्रकारानं स्टुटगार्टजवळ सुरू केलेला हा मेळा आता बव्हेरियाच्या जंगलात भरतो. माणसं बर्फात तंबू ठोकून राहतात, गाड्या रात्रभर उघड्यावर असतात, पारा शून्याच्या बराच खाली जातो, आणि तरीही मंडळी सकाळी गाडी चालू करून घरी जातात. तेव्हा निफाडच्या पाच अंशांत गाडी अडून बसत असेल, तर तिच्यात आधीपासूनच काहीतरी कमी असलं पाहिजे. ऑक्टोबरच्या उन्हात ती उणीव झाकून जाते आणि डिसेंबरात उघडी पडते. कोणती, एवढंच शोधायचं असतं.

त्यासाठी आधी पेट्रोलची एक खोड समजून घ्यावी लागते. द्रवरूप पेट्रोल जळत नाही; जळते ती त्याची वाफ. ठिणगी मिळताच पेट घेण्यापुरती वाफ पेट्रोलमधून उणे ४० अंशांच्या आसपासही निघत असते, म्हणूनच पंपावर काडी ओढणं बाराही महिने धोक्याचं. मात्र बाटलीच्या तोंडाशी वाफ पेटणं वेगळं आणि सिलिंडरमध्ये ऐन क्षणी योग्य प्रमाणात पेटणं वेगळं. हवेतल्या वाफेचं प्रमाण साधारण दीड टक्क्याहून कमी झालं तर ठिणगी फुकट जाते. साडेसात टक्क्यांच्या वर गेलं तरी फुकटच जाते.

शिवाय पेट्रोल हा एकच एक पदार्थ नाही. त्यात शेकडो हायड्रोकार्बन असतात. काही ३५ अंशांच्या आसपास उकळतात, तर काहींना २०० अंश लागतात. इंजिन तापलेलं असताना सगळ्यांचीच वाफ होते, आणि मग वजनानं सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हा हिशेब नीट बसतो. पहाटेच्या गार इंजिनात फक्त हलके घटक उडतात. जड घटक थेंबाथेंबानं नळीच्या भिंतीला चिकटून बसतात. हिशेबानं पेट्रोल पुरेसं दिलेलं असतं, पण प्रत्यक्ष वाफ अपुरी पडते. इंजिनाला त्या क्षणी पेट्रोलची उपासमार होत असते, तेही पेट्रोलनं ओलं होऊन. थंड देशांतल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत म्हणूनच हिवाळी पेट्रोलमध्ये चटकन उडणारं ब्यूटेन जास्त मिसळतात.

डिझेलची अडचण अगदी निराळी आहे, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. कडक थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलं, ते याच कारणानं. “टाकीतलं पेट्रोल गोठलं” असं कुणी सांगितलं, तर टाकीत पेट्रोलखेरीज काय आहे ते आधी पाहावं. बहुधा तळाशी पाणी सापडतं.

वाफ कमी पडते तर पेट्रोलच जास्त पाठवायचं, या सरळ विचारातून चोक आला. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये चोक म्हणजे हवेच्या तोंडावरची एक पत्री झडप. ती मिटली की हवा अडते, इंजिनाची ओढ वाढते आणि जेटमधून पेट्रोल जास्त खेचलं जातं. नंतरच्या अनेक गाड्यांत झडपेऐवजी जादा पेट्रोलसाठी वेगळी बारीक वाट ठेवलेली असते. खटका ओढला की ती उघडते. या दुसऱ्या प्रकारात एक मेख आहे. ती वाट इंजिनाच्या ओढीवर चालते आणि ॲक्सिलरेटर मिटलेला असेल तरच ही ओढ जोरदार असते. चोक ओढून वर हातानं रेस पिळली की ओढ ढिली पडते आणि दिलेला चोक न दिल्यासारखा होतो. अंगणातल्या त्या आठ किकांपैकी निम्म्या या एका सवयीपायी वाया जातात. चोक पूर्ण, मूठ मोकळी, आणि किक एका दमात खालपर्यंत: कार्ब्युरेटरवाल्या बहुतेक गाड्यांना सकाळी एवढंच हवं असतं.

स्कूटरच्या जमान्यातल्या लोकांचा उपाय याहून नाट्यमय होता. चेतक चालू होईना की मालक खाली उतरायचा, स्कूटर अंगावर घेऊन एका बाजूला चांगली कलती करायचा, चार क्षण तशीच धरायचा, सरळ करून किक मारायचा आणि ती फुर्रकन सुरू व्हायची. पाहुण्यांना ती जादू वाटे. गाडी कलली की कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलची पातळी बिघडते आणि थोडं पेट्रोल आत सांडतं, म्हणजे मिश्रण दाट होतं. थोडक्यात, हा अंगमेहनतीचा चोक. ज्या स्कूटरला तो रोज लागे, तिचा खरा चोक किंवा जेट बहुधा साफ करायला झालेला असे. पण कलती करणं फुकट होतं आणि मिस्त्री पैसे घेत असे, त्यामुळे महाराष्ट्रभर हजारो चेतक वर्षानुवर्षं कलत्या होत राहिल्या.

बुलेटचा तर सोहळाच. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेल्या या गाडीच्या जुन्या, ओतीव लोखंडी इंजिनाच्या पिढीला नुसतं बळ चालत नसे. एकच मोठा सिलिंडर, जड पिस्टन; तो नेमका कुठे उभा आहे हे न बघता किक मारली तर गाडी चालू होण्याऐवजी किक उलटी येई आणि पाय दुखावून जाई. म्हणून आधी किल्ली फिरवून हेडलाइटच्या डब्यावरच्या अँपिअर मीटरकडे बघायचं. किक हलक्या पायानं दाबत जायचं. एका ठिकाणी काटा मध्यावर येतो, म्हणजे काँटॅक्ट पॉइंट उघडले, पिस्टन माथ्याजवळ आला. मग डीकॉम्प्रेसरचा छोटा खटका दाबून आतली कोंडलेली हवा सोडायची, पिस्टन माथ्यापलीकडे जेमतेम सरकवायचा, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग सगळं वजन टाकून एकच किक. बुलेट असलेल्या घरात ही विद्या वडिलांकडून मुलाकडे जाई. थंडीत तिची किंमत दुप्पट, कारण घट्ट झालेल्या ऑइलमुळे पिस्टन मुळातच जडशीळ फिरतो. तो चुकीच्या जागेवरून निघाला तर दाबाच्या टप्प्यापर्यंत पोचेस्तोवर किकचा जोर संपलेला असतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्याबरोबर चोकचा खटकाही गेला. आता इंजिनाचं तापमान एक सेन्सर मोजतो, ईसीयू नावाचा छोटा संगणक तो आकडा वाचतो आणि गार इंजिनात इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा ठेवतो. माणसानं करायचं ते एवढंच: किल्ली फिरवायची, टाकीतल्या पंपाचा ‘घूंऽऽ’ आवाज दोन-तीन सेकंदांत थांबू द्यायचा, आणि मग मूठ न पिळता बटण दाबायचं. तो आवाज म्हणजे इंधनाच्या नळीत दाब तयार होण्याचा आवाज. घाईनं तो पुरा होण्याआधीच बटण दाबणारा स्वतःच स्वतःचं पेट्रोल तोडतो. आणि आवाजच येत नसेल तर प्लगकडे वळण्याआधी फ्यूज आणि पंप बघावा.

या गाड्यांचा एक बिघाड मोठा फसवा आहे. तापमानाचा सेन्सर पूर्ण मेला तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि ईसीयू अंदाजे आकडा धरून निभावून नेतो. पण सेन्सर मरत नाही, नुसता खोटं बोलू लागतो, तेव्हा दिवा लागत नाही. इंजिन पाच अंशांवर असतं आणि ईसीयूला वाटतं पन्नासवर आहे. मग तो उन्हाळ्याच्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. दुपारी झटक्यात चालू होणारी, सकाळी मात्र हटून बसणारी आणि बॅटरी, प्लग सगळं ठणठणीत असलेली गाडी या संशयाच्या यादीत वर घ्यावी.

एरवी संशयितांत पहिलं नाव बॅटरीचं. तिची तपासणी कानानं सुरू होते. बटण दाबल्यावर सीटखालून नुसतं ‘टक्-टक्-टक्’ येत असेल, तर रिले आपटतोय पण मोटर फिरवण्याइतका करंट नाही. इंजिन कण्हत-कुथत एखादा फेरा घेत असेल, तर करंट आहे पण तोकडा. आणि इंजिन नेहमीच्या वेगानं गरगर फिरतंय, फक्त पेटत नाही, असं असेल तर बॅटरीला सोडून द्यावं आणि पुढे जावं. मीटर असेल तर आणखी सोपं. रात्रभर स्वस्थ राहिलेल्या बारा व्होल्टच्या शिसं-आम्ल बॅटरीनं १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. १२ म्हणजे तळ गाठलेला. बटण दाबलेलं असताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर ती बॅटरी पुढच्या थंडीची वाट बघणार नाही.

बॅटरीत वीज साठते ती रासायनिक क्रियेच्या रूपात, आणि गारठ्यात ती क्रिया मंदावते. शून्य अंशांवर तिची ताकद साधारण चार-पंचमांश उरते. उणे अठराच्या आसपास निम्म्यावर येते. नव्या बॅटरीला हा पंचमांश सहज सोसतो. तीन वर्षं वापरलेली, आतून सल्फेट धरलेली बॅटरी मात्र आधीच निम्म्यावर आलेली असते, तिथे तो पंचमांशच जीवघेणा ठरतो. बिलावरची तारीख म्हणूनच तापमानापेक्षा जास्त बोलते.

दूध घालणाऱ्यांच्या आणि पेपर टाकणाऱ्यांच्या गाड्यांना यात एक जादाचा त्रास आहे. दर घराला थांबा, दर घराला गाडी बंद, दर घराला पुन्हा बटण. एका वेळी सेल्फची मोटर काही डझन अँपिअर ओढते. पुढचं घर येईपर्यंतच्या शंभर मीटरमध्ये ते भरून निघत नाहीत. असा दिनक्रम असलेल्या माणसाच्या गाडीला किक असणं ही चैनीची बाब नाही. गाडी घेताना ती शोरूममध्येच तपासून घ्यावी, कारण अलीकडच्या कितीतरी मॉडेलांतून किक गायब झालीय.

बटण एका वेळी पाचेक सेकंदांहून जास्त दाबून ठेवू नये, मध्ये दहा-पंधरा सेकंद उसंत द्यावी. सलग दाबत राहिलं तर मोटर तापते आणि उरलीसुरली बॅटरीही जाते. त्यानंतर उरतो धक्का. पहिल्या गिअरमध्ये मागचं चाक घसरून अडतं, म्हणून दुसरा टाकावा, क्लच दाबून गाडी पळवावी आणि वेग आला की एकदम सोडावा. कार्ब्युरेटरच्या अनेक जुन्या गाड्यांत ठिणगी मॅग्नेटोवरून येते, तिथे बॅटरी पार मेलेली असली तरी धक्का लागू पडतो. इंजेक्शनच्या गाडीला पंप आणि ईसीयूसाठी थोडी तरी वीज लागतेच. ती नसेल तर ढकलणाऱ्यांना घाम येईल, बाकी काही होणार नाही.

इंजिन गरगर फिरतंय पण पेटत नाही, अशा वेळी अनुभवी मिस्त्री पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट बघतो: हँडलवरचं लाल बटण. गल्लीतल्या पोरांनी खेळता खेळता ते बंद केलेलं असतं आणि मालक पाऊण तास किका मारून बसलेला असतो. साइड स्टँडचा स्विचही त्याच जातीचा. ही दोन्ही कारणं फार फालतू वाटतात, म्हणूनच कुणी तपासत नाही.

मग प्लग. तो काढला की इंजिनच्या आत काय चाललंय याचा पुरावा थेट हातात येतो. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचतच नाहीये: कॉक बंद, वाट तुंबलेली, पंप गप्प किंवा टाकीच रिकामी. प्लग पेट्रोलनं चिंब असेल तर पेट्रोल आहे, ठिणगी नाही किंवा दुबळी आहे. काळ्याकुट्ट काजळीनं भरला असेल तर गाडी कित्येक दिवस दाट मिश्रणावर चाललीय; बहुधा चोक अर्धवट ओढलेला राहिला असेल, किंवा एअर फिल्टर धुळीनं बुजला असेल. काजळी विजेला वाट देते, ठिणगी फटीतून उडायच्या ऐवजी काजळीवरून ओघळून जाते. उन्हाळ्यात तेवढ्यावर भागतं. गार, अर्धवट वाफ झालेलं मिश्रण पेटवायला मात्र चांगली निळी, कडकडीत ठिणगी लागते. ती बघायची असेल तर प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि किक मारावी. प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून हे लांब करावं आणि हातानं धातू धरू नये. दव पडलेल्या सकाळी प्लगची कॅप नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसून गाडी चालू झाल्याचं कोकणात आणि घाटमाथ्यावर अनेकांनी पाहिलंय.

चिंब प्लगची अवस्था बहुतेक वेळा मालकानंच ओढवून घेतलेली असते. चोक, किक, रेस, पुन्हा चोक, पुन्हा किक. शेवटी सिलिंडरमध्ये इतकं पेट्रोल जमतं की वाफ साडेसात टक्क्यांची हद्द ओलांडते. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘ओव्हर’ झाली. आता चोक देणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं. चोक पूर्ण बंद करावा, मूठ शेवटपर्यंत पिळून धरावी म्हणजे हवा भरपूर जाईल, आणि तशाच सात-आठ किका माराव्यात. जमलेलं पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडतं. तेवढ्यानं भागलं नाही तर प्लग काढून पुसावा आणि गाडी दहा मिनिटं तशीच सोडून चहा प्यावा. हा सल्ला थट्टेचा नाही. त्या दहा मिनिटांत पेट्रोल उडून जातं, आणि माणसाचाही पारा उतरतो.

२०२० च्या टाळेबंदीनं आणखी एक धडा घराघरांत शिकवला. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्या चालू होईनात. पेट्रोलमधून सगळ्यात आधी उडून जातात ते हलके घटक, म्हणजे थंडीत ज्यांच्या जिवावर गाडी पेटते नेमके तेच. मागे उरतं ते जड, शिळं पेट्रोल. कार्ब्युरेटरच्या वाटीत ते आटत जाऊन डिंकासारखा थर धरतं आणि केसाएवढं भोक असलेला पायलट जेट बुजतो. वाटीच्या तळाशी एक छोटा स्क्रू असतो. तो सैल करून शिळं पेट्रोल काढून टाकलं आणि ताजं येऊ दिलं की अर्ध्या गाड्या तिथेच जाग्या होतात. उरलेल्यांना मिस्त्रीच लागतो.

ठिणगी आहे, ताजं पेट्रोल आहे, तरी गाडी मख्ख असेल तर प्रश्न दाबाचा. व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या टॅपेटमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास फट ठेवलेली असते. झीज होत होत ती संपली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि दाब निसटतो. इंजिन वेगात असताना निसटायला वेळच मिळत नाही, म्हणून चालत्या गाडीत काही जाणवत नाही. गार सकाळी, जड ऑइलमधून पिस्टन सावकाश वर येताना तोच दाब फुर्रकन निघून जातो. ‘एकदा चालू झाली की वाघ आहे, पण सकाळी रडवते’ अशी ज्या गाडीची ख्याती असते, तिचे टॅपेट बघून घ्यावेत.

ऑइलचं नाव आलंच आहे, तर डब्यावरचा आकडाही वाचायला हवा. २०डब्ल्यू-५० मधला ‘डब्ल्यू’ विंटरचा. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या मानकात २०डब्ल्यू ऑइलची सेल्फ मारतानाची चाचणी उणे १५ अंशांवर घेतात, तर १०डब्ल्यूची उणे २५ वर. त्यामुळे निफाडच्या थंडीत २०डब्ल्यू-५० हा काही गुन्हेगार नव्हे, थोडं सुस्त असेल इतकंच. लेहच्या जानेवारीत मात्र हा फरक गाडी चालू होण्या न होण्याचा ठरतो. कंपनीच्या पुस्तकात दिलेला ग्रेड सोडून ‘जाड ऑइल म्हणजे इंजिनाला आराम’ या समजुतीनं डबा निवडणारे लोक सकाळी त्याची किंमत मोजतात. वर ऑइलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या थंडीत एकमेकींना चिकटतात. क्लच दाबून गिअरमध्ये गाडी पुढे-मागे हलवली की त्या सुटतात.

लेहमध्ये मामला खरोखरच गंभीर होतो, कारण तिथे थंडीला उंचीची जोड असते आणि दोघींच्या मागण्या परस्परविरोधी असतात. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. खारदुंग ला तर ५,३०० मीटरच्याही वर. तिथे तो जेमतेम निम्मा. थंडी म्हणते, पेट्रोल वाढवा. विरळ हवा म्हणते, कमी करा, कारण जाळायला प्राणवायूच नाही. कार्ब्युरेटर बिचारा सपाटीवर लावलेल्या जेटनं पेट्रोल सोडत राहतो, मिश्रण आपोआप दाट होतं, आणि त्यावर पुण्याहून आलेला पर्यटक सवयीनं पूर्ण चोक ओढतो. प्लग काळा, गाडी ओव्हर. तिथे चोकचा वापर बेतानं, निम्म्यावर किंवा क्षणभरच करावा लागतो. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये कार्ब्युरेटर घेऊन आली आणि पुढच्याच वर्षी इंजेक्शनवर गेली. इंजेक्शनच्या गाडीत हवेचा दाब मोजण्याची सोय असते, त्यामुळे हे भांडण ईसीयू परस्पर मिटवतो.

तिथली दुसरी भीती बॅटरीची. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे साठ अंशांच्या आसपासही द्रव राहतं. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत उरतं ते जवळपास पाणीच, आणि ते उणे सात ते दहा अंशांतच गोठतं. मग पेटी तडकते आणि दुरुस्तीचा प्रश्नच मिटतो. लेहच्या हिवाळ्यात रात्री त्याहून थंड असतात, म्हणून तिथे हिवाळ्यात गाडी चालवणारे रात्री बॅटरी काढून खोलीत नेतात. इंजिनाखाली जाळ करण्याचा प्रकार मात्र पेट्रोलच्या गाडीला कुठेच करू नये. ट्रकवाले डिझेलच्या टाकीखाली करताना दिसतात, ती नक्कल इथे जिवावर बेतेल.

कधी कधी गाडी चालू होते आणि चार-पाच किलोमीटरवर धुक्यात गुदमरून बंद पडते. दहा मिनिटं उभी राहिली की पुन्हा जणू काही झालंच नाही. मालक पेट्रोलात कचरा आला म्हणून टाकी धुतो. खरा प्रकार असा की पेट्रोलची वाफ होताना उष्णता खेचली जाते आणि कार्ब्युरेटरचा गळा हवेपेक्षाही गार होतो. बाहेर चार-पाच अंश आणि हवा दमट असेल तर तिथे चक्क बर्फ धरतो. इंजिन बंद झाल्यावर त्याचीच ऊब वर चढते आणि बर्फ वितळतो, म्हणून तपासणीत काहीच सापडत नाही. ब्रिटनच्या ओल्या हिवाळ्यात हे इतकं नित्याचं होतं की तिकडे विकल्या जाणाऱ्या काही जपानी मोटरसायकलींच्या कार्ब्युरेटरला हीटर बसवलेले असत.

आता या सगळ्या हिशेबात उसाची भर पडलीय. देशातल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं जातं आणि त्यातलं काही महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतून येतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता लागते, आणि शुद्ध इथेनॉल १२-१३ अंशांच्या खाली पेटण्याजोगी वाफच देत नाही. २० टक्क्यांपर्यंत त्यानं सकाळी फारसं बिघडत नाही, कारण उरलेल्या पेट्रोलातले हलके घटक ठिणगी झेलतात. काळजी पाण्याची घ्यावी. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून धरतं, गारठ्यात ही धरून ठेवण्याची ताकद घटते आणि पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी, बरोबर कॉकच्या किंवा पंपाच्या तोंडाशी बसतो. अर्धी टाकी घेऊन महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला हा धोका जास्त. उभी ठेवायचीच असेल तर टाकी भरून ठेवावी.

प्रमाण वाढवायचं तर काय करावं लागतं ते ब्राझीलनं दाखवलंय. तिथल्या सुरुवातीच्या इथेनॉल मोटारींना सकाळपुरती पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असे. होंडानं २००९ मध्ये तिथे सीजी १५० टायटन मिक्स ही दोन्ही इंधनांवर चालणारी मोटरसायकल आणली, पण मोटरसायकलवर दुसऱ्या टाकीला जागा कुठली? मग तोडगा असा निघाला: तापमान १५ अंशांच्या खाली जाणार असेल तर टाकीत किमान २० टक्के पेट्रोल असलंच पाहिजे, आणि कधी टाकायचं ते डॅशबोर्डवरचा एक दिवा सांगेल. भारतात होंडानंच ऑक्टोबर २०२४ मध्ये ८५ टक्के इथेनॉलवर चालू शकणारी सीबी३००एफ बाजारात आणली. अमेरिकेत हे ‘ई८५’ वर्षानुवर्षं विकलं जातं. तिथे नाव तेच ठेवून ऋतू आणि प्रदेशाप्रमाणे इथेनॉलचं प्रमाण ८३ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत खाली आणायची मुभा आहे. हिवाळ्यात भर घातली जाते ती पेट्रोलची, कारण गार इंजिनात पहिल्या ठिणगीला लागणारी वाफ त्या पेट्रोलातूनच मिळते.